माझं मौन आणि मामंजींचं इंजिन ऑइल

चातुर्मासात मी दर वर्षी एक नेम धरते. मागच्या वर्षी वांगं सोडलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी चहातली साखर. वांगं सोडलेलं घरात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. म्हणून यंदा जरा अवघड नेम घ्यायचा असं ठरवलं आणि उठल्यापासून सकाळी अकरापर्यंत मौन धरलं. मौन म्हणजे शुद्ध मौन. हुं नाही, अंहं नाही. फोन आला तर नेत्रा उचलते आणि "मम्मी म्यूट पर हैं" असं सांगून मोकळी होते. आमची लेक लखनऊतच जन्मली आणि वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढे इंजिन ऑइलचं जे प्रकरण झालं त्याचा दोष घरातले लोक माझ्या नेमाला देतात. मी वाद घालत नाही. वाद घालणं माझ्या स्वभावात नाही आणि सकाळच्या वेळेत तर सोयही नाही.

तर एका रविवारी संध्याकाळी आमच्या ह्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "पुढच्या रविवारी गाडी जाणार. इश्तियाक भाई येतोय बघायला. जुन्या गाड्या घेतो तो."

हे, म्हणजे सतीश, अमौसीला विमानतळावर मालवाहतुकीच्या कामात आहेत. दिवसभर लोकांच्या खोक्यांवरून लोकांशीच गोड बोलावं लागतं, त्यामुळे कडू बोलायचं सगळं घरी घेऊन येतात.

"धूर किती सोडते ती! सिग्नलला शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि माझ्याकडे बघतो. जसं काही मीच!"

गाडी म्हणजे मामंजींची मोटरसायकल. काळी, नव्व्याण्णव सालची. माझे सासरे बाबुराव हवाई दलात इंजिन फिटर होते. शेवटची बदली लखनऊजवळच्या बक्शी का तालाबला झाली, आणि निवृत्तीनंतर सांगलीला परत जायच्या ऐवजी त्यांनी लखनऊच्या महानगर नावाच्या वस्तीत घर घेतलं आणि दारात ही गाडी उभी केली. आता त्यांचं वय एक्क्याऐंशी. चालवायचं सोडून सहा वर्षं झाली (हे कामावर बसने जातात, गाडी संध्याकाळच्या कामांना काढतात), पण रोज सकाळी साडेआठला पिवळं फडकं घेऊन ते गेटपाशी जातात आणि अकरापर्यंत गाडी पुसतात. अडीच तास! एवढ्यात माणसाचं अख्खं विमान पुसून व्हावं. मी तुळशीभोवती प्रदक्षिणा घालत असते तेव्हा तिकडे त्यांची गाडीभोवती चाललेली असते. माझं व्रत चार महिन्यांचं, त्यांचं बारा महिन्यांचं. एका व्रतस्थ माणसाचं दैवत दुसऱ्या व्रतस्थाच्या डोळ्यांदेखत इश्तियाक भाईने न्यावं, हे मला पटेना. गाडी जाणार नाही, हे मी तिथेच, बशी उचलता उचलता ठरवलं. पोहे आणखी हवेत का, एवढंच विचारलं.

नेत्राला मात्र सांगितलं. तिने फोनवरून मान वर केली नाही. "धुआँ और आवाज़? ऑयल बदलवा लो, मम्मी. सही वाला. सिंपल."

आता कुणीही म्हणेल, घरात इंजिन फिटर बसलेला असताना बाहेर कशाला विचारायचं? पण मामंजींना विचारलं असतं तर "आत्ताच का?" असं त्यांनी विचारलं असतं. खोटं मी बोलत नाही आणि खरं माझ्याच्याने सांगवलं नसतं. शिवाय त्यांना ऐकू कमी येतं. म्हणजे ही गोष्ट गेटवर ओरडून सांगावी लागली असती आणि इश्तियाक भाई यायच्या आत सगळ्या कॉलनीने मामंजींचं सांत्वन केलं असतं. तेव्हा मामंजी सोडून बाकी सर्वांना विचारायचं, असा मार्ग मी काढला. तो मार्ग किती रुंद आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिले शेजारचे निगम साहब. ते सचिवालयातून निवृत्त झाले आहेत, पण सचिवालय त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांच्या जिन्यात माझं बोलणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"भाभीजी, गाड़ी की उम्र?"

"सव्वीस."

"तो गाढ़ा डलवाइए. जितना पुराना इंजन, उतना गाढ़ा तेल. और दुकानदार से लिखवा लीजिएगा. ज़बानी बात का कोई रिकॉर्ड नहीं रहता."

समोरचे नंदकुमार भाऊजी बँकेत आहेत, मूळचे नाशिकचे. त्यांनी जिन्यातलं सगळं आपल्या दारातून ऐकलेलं होतं.

"वहिनी, त्यांचं काय ऐकता? गाढ़ा म्हणजे काय, खीर आहे का? पातळ घाला, एकदम पातळ. फुल्ली सिंथेटिक! थांबा, माझ्याकडे मोटारीचं उरलंय." आणि आतून सव्वा लिटर तेलाचा सोनेरी डबा घेऊन आले. "न्या. घरचंच समजा."

"पण भाऊजी, हे मोटारीचं..."

"अहो, चार चाकांना जे चालतं ते दोन चाकांना का नाही चालणार? निम्माच तर ताण!"

बँकेतल्या माणसाने आकड्यात सांगितलं की मी गप्प बसते. डबा घेतला. घेतला म्हणजे वापरणार असं नव्हे. आपल्यात कुणी प्रेमाने काही दिलं तर परत करताना निदान दोन दिवस ठेवून मग करतात.

मंगळवारी दुपारी जवळच्या कपूरथला बाजारात तेलाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कौन सा?" मी म्हटलं, "सही वाला." त्याने माझ्यापुढे एकामागून एक सात डबे मांडले. प्रत्येकावर दोन-दोन आकडे. एकावर वीस आणि चाळीस, एकावर दहा आणि तीस, एकावर वीस आणि पन्नास. मला रक्तदाबाची सवय, त्यामुळे मी वरचा किती नि खालचा किती हे बघायला लागले. वीस-पन्नास फार खाली गेलेला वाटला. त्याला तसं म्हटलं तर तो नम्रपणे म्हणाला, "बहनजी, यह थंडे-गरम का नंबर है. आपको क्या चाहिए, गाढ़ा?" निगम साहब आठवले. वीस-पन्नास घेतला. लिहून मागितलं तर त्याने पावतीच्या मागे 'गाढ़ा' असं लिहून दिलं आणि खाली सही केली.

कोपऱ्यावरच्या रईस मिस्त्रींना बुधवारी दुपारी बारानंतर घरी या असं सांगून मी निश्चिंत मनाने परतले. इथे माझी एक चूक झाली. लखनऊची माणसं अदबीची, मोठ्या घराच्या सूनबाईंना ताटकळत ठेवणं त्यांना रुचत नाही. रईस मिस्त्री बुधवारी सकाळी साडेनऊलाच आले.

मी तुळशीपाशी आसनावर बसलेली, हातात जपमाळ, तोंडाला कुलूप. मामंजींना निगम साहबांनी, ठरल्याप्रमाणे, खबरदारी म्हणून सकाळपासूनच पेन्शनच्या कुठल्याशा फॉर्मच्या निमित्ताने आपल्या घरी बोलावून घेतलं होतं. तेवढंच काय ते वेळेवर झालं. पायरीवर दोन डबे शेजारी शेजारी: माझा गाढ़ा आणि नंदकुमार भाऊजींचा सोनेरी, जो त्याच दिवशी परत करायचा होता.

"आदाब, भाभीजी. पूजा में हैं? आप बिल्कुल तकलीफ़ न करें." रईस मियांनी जुनं तेल खाली काढलं. मग दोन्ही डब्यांकडे बघितलं आणि सोनेरी उचलला. "माशाअल्लाह, बड़ा महँगा तेल मँगवाया है."

मी जोरात मान हलवली. त्यांनीही कौतुकाने मान हलवली. मी माळेचा हात उचलून गाढ्या डब्याकडे दाखवलं. माळ गोमुखीत, म्हणजे त्या जपाच्या पिशवीत असते. पिशवी कुणीकडे रोखलेली आहे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्यांना वाटलं मी गाडीला आशीर्वाद देतेय. त्यांनी काम थांबवून आदराने मान झुकवली आणि मग झाकण उघडलं.

बोलायचं तर सत्तेचाळीस दिवसांचं मौन मोडणार होतं. मी रामनामाच्या वहीचा लाल पेन शोधला, 'यह नहीं' असं मोठ्या अक्षरात लिहून धावत नेलं. रईस मियांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. "चश्मा दुकान पर रह गया, भाभीजी," म्हणून घडी करून अदबीने खिशात ठेवला. तोवर अर्ध्याहून अधिक तेल आत गेलं होतं. मी तळहात आडवा धरला, म्हणजे 'पुरे'. त्यांनी तो 'आणखी' समजून डबा पूर्ण उलटा केला. नेत्रा खिडकीतून बघत होती. हसून हसून तिच्या हातातला ब्रश खाली पडला.

अकरा वाजले तेव्हा मी पहिला शब्द उच्चारला. तो काय होता हे सांगत नाही, पण त्यासाठी मी दुसऱ्या दिवशी एक माळ जास्त ओढली.

गुरुवारी संध्याकाळी हे घामाघूम होऊन घरी आले. त्यांना काहीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण गाडीनेच सगळं सांगितलं होतं. "वासंती, अॅक्सिलरेटर पिळला की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही! हज़रतगंजात मला सायकल रिक्षाने मागे टाकलं. रिक्षावाला वळून म्हणतो, साहब, खींच दूँ? रविवार कशाला, मी इश्तियाकला उद्याच बोलावतो."

"उद्या नको हं," मी हळूच म्हटलं, "उद्या आवस आहे." अमावस्या खरंच होती. दिनदर्शिकेने त्या आठवड्यात माझी केलेली ती एकमेव मदत.

शुक्रवारी निगम साहबांनी प्रकरण हातात घेतलं. "भाभीजी, अब ऊपर लिखना पड़ेगा." त्यांनी गाडीच्या कंपनीला अर्ज लिहिला, 'विषय: उचित इंजन ऑयल के चयन के संबंध में', त्याला तीन संदर्भ जोडले, दोन प्रती काढल्या. अर्जाला पत्ता सापडेना तेव्हा नेत्राने हेल्पलाइनचा नंबर काढून दिला. शुक्रवारभर त्या फोनवर बासरी ऐकली. शनिवारी दुपारी साडेबाराला खरा माणूस बोलला. मी फोन स्पीकरवर ठेवून गाडीचा सगळा वृत्तान्त शांतपणे सांगितला.

"मैम, वाहन आपके नाम है?"

"माझ्या... मेरे ससुरजी के नाम."

"तो मैम, जानकारी हम वाहन स्वामी को ही दे पाएँगे. उनसे बात करवा दीजिए."

"अहो भैया, मी फक्त तेल कौनसा हे विचारतेय. गाड़ी चोरून नाही ले जा रही!"

"मैम, प्रोसेस है."

"मैं वाहन स्वामी बोल रहा हूँ," मागून आवाज आला.

मामंजी दारात उभे. हातात पिवळं फडकं. त्यांनी फोन घेतला, स्वतःची जन्मतारीख, गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर पाठ म्हणून दाखवले, आणि पलीकडचा मुलगा काही सांगायच्या आत म्हणाले, "बीस-चालीस. मोटरसायकल वाला, कार वाला नहीं. नौ सौ मिलीलीटर, बूँद भर ज़्यादा नहीं. ठीक है, बेटा? तुम लिख लो, आगे किसी को बताने के काम आएगा." आणि फोन ठेवला.

मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो. मोटारीचं तेल घातलंस की तो घसरणारच. आणि धुराचं म्हणशील तर दोष तेलाचा नाही, सतीशचा आहे. पाहुण्यांना वाढावं तसं तो दर महिन्याला आग्रहाने वरून ओततो. पोट फुटेस्तोवर. मग धूर नाही काढणार तर काय करणार बिचारी?"

"मामंजी, तुम्हाला माहीत होतं? सगळं?"

"अगं, मला ऐकू कमी येतं. सतीशला कमी आवाजात बोलता येत नाही. रविवारीच कळलं. बुधवारी निगमने मला जो फॉर्म भरायला दिला तो मी दोन वर्षांपूर्वीच भरलाय." ते पायरीवर बसले. "सहा दिवस सगळ्या लखनऊला विचारत फिरलीस. एकटा मी राहिलो होतो."

मी डोळ्यांना पदर लावला. "रोज एवढ्या प्रेमाने तुम्ही ती पुसता. तुम्हाला कसं सांगणार?"

"प्रेमाने?" मामंजी फडक्याकडे बघून हसले. "गाडी दहा मिनिटांत पुसून होते गं. पण सतीश कामावर, नेत्रा फोनमध्ये, आणि तू अकरापर्यंत देवाची. वांगं सोडलं होतंस तेव्हाही सकाळी जपातच असायचीस. गेटपाशी गाडी पुसत बसलं की येणारा-जाणारा थांबतो. दिवसातून दोघे-तिघे तरी विचारतात, 'चचा, बेचेंगे?' मी म्हणतो, 'नहीं.' मग त्यावर पंधरा-वीस मिनिटं जातात. नुसता म्हातारा गेटवर बसला तर कोण थांबतंय?"

मौनाची वेळ संपून दीड तास झाला होता, तरी बोलता आलं नाही.

त्यातून बाहेर काढलं ते तेलानेच. "चल, आज शनिवार. उद्या इश्तियाक येणार," मामंजी म्हणाले, "बीस-चालीस आण." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: आज शनिवार! शनिवारी तेल विकत घरात आणायचं नाही. माझ्या सासूबाईंनी पाळलं, मी तेवीस वर्षं पाळलंय. इंजिनाचं तेल हे तेल की नाही, यावर मी पाच मिनिटं विचार केला. डब्यावर तेल लिहिलेलं होतं.

"विकत नको घेऊस ना," इंजिन फिटर म्हणाले, "तो गाढ़ा डबा तसाच पडलाय. बदलून आण. मंगळवारचंच तेल, अंगरखा बदलला एवढंच."

दुकानदाराने आधी बदलून द्यायला का-कू केलं. मी पावतीच्या मागचं 'गाढ़ा' आणि त्याची सही पुढे केली. निगम साहबांचा विजय असो. त्याने डबा बदलून दिला, मी एक पैसाही दिला-घेतला नाही, शनिमहाराजांना बोलायला जागा ठेवली नाही. चार वाजता रईस मियां चष्मा लावून आले. मामंजी खुर्ची टाकून शेजारी बसले, मापाचं भांडं हातात घेऊन नऊशे मिली मोजलं. गाडी सुरू झाली तेव्हा मांजरीसारखी घुरघुरली. धूर नाही. रईस मियां म्हणाले, "चचा, यह तो मक्खन हो गई."

आणि हाच घोटाळा झाला.

रविवारी सकाळी नऊ वाजता इश्तियाक भाई आले. पांढरा कुर्ता, पानाचा डबा, फार सभ्य माणूस. त्यांनी गाडी सुरू केली, कान लावला, आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "साहब, फ़ोन पर तो आपने कबाड़ बताया था. यह तो नगीना है. मैं ज़्यादा दूँगा." हे गाडीकडे असे बघायला लागले, जणू ती कालच हरवली होती आणि आज सापडली, आणि आता आणखी चांगल्या किमतीला हरवायची होती. म्हणजे आठवडाभर खपून मी गाडी वाचवली नव्हती. मी तिला विकायला नटवली होती.

मामंजी फडकं हातात घेऊन उभे होते. मुलाने ठरवलंय तर ठीक, असा त्यांचा चेहरा.

नऊ वाजून दहा मिनिटं. मौनाचा एक्कावन्नावा दिवस.

मी आसनावरून उठले. गोमुखी उजव्या हातात, सोवळ्याची साडी सावरली, गेटपाशी गेले आणि मोटरसायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. डोळे मिटले. जप सुरू ठेवला.

"वासंती, उतर," हे म्हणाले.

श्रीराम जय राम.

"अगं, लोक बघताहेत! उतर म्हणतो ना."

जय जय राम.

इश्तियाक भाई दोन पावलं मागे सरकले. "नहीं नहीं साहब, भाभीजी इबादत में हैं. उठाइए मत. हम इंतज़ार कर लेंगे." लखनऊच्या माणसाच्या अदबीवर माझी जी श्रद्धा आहे ती त्या दिवशी दुणावली. नेत्राने खुर्ची आणली, चहा आणला. इश्तियाक भाई बसले. आणि शेजारी, फडकं मांडीवर ठेवून, मामंजी बसले.

पुढचे पावणेदोन तास मी डोळे मिटून ऐकलं. मामंजींनी विमानांच्या इंजिनांपासून सुरुवात केली. सांगलीहून पहिल्यांदा उत्तरेत आले तेव्हाची थंडी, सासूबाई याच सीटवर बसून कुकरैलच्या जंगलापर्यंत गेल्या होत्या ते, पंक्चर झाल्यावर दोघांनी गाडी ढकलत आणली ते. मी या घरात तेवीस वर्षं आहे. यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते. इश्तियाक भाई मध्ये मध्ये "वाह चचा" म्हणत होते. एकदा डोळा किलकिला करून बघितलं तर हे पायरीवर बसून, आईची गोष्ट ऐकत, थंड झालेला चहा पीत होते.

शेवटी इश्तियाक भाईंनी पान लावलं आणि अदबीने, मालकाला विचारतात तसं, विचारलं, "तो चचा, बेचेंगे?"

मामंजींनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली, आणि मग नकारार्थी हलवली.

"नहीं," मामंजी म्हणाले. काय गोडीने म्हणाले! पुरणपोळीचा पहिला घास घ्यावा तसे.

आतल्या घड्याळात अकराचे ठोके पडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिला शब्द काय येतो म्हणून नेत्राने तर फोन पुढे धरला.

मी सीटवरून उतरले, साडी नीट केली आणि ह्यांना म्हटलं, "आता दोन हजार किलोमीटरनंतर तेल बदलायचं. नऊशे मिली. आग्रह करायचा नाही."

सोमवारपासून माझं आसन तुळशीपासून उचलून गेटपाशी, गाडीच्या शेजारी मांडलंय. नेम तोच, अकरापर्यंतचा. बोलायला बंदी आहे, ऐकायला नाही. मामंजी आता गाडी दहा मिनिटांत पुसतात.